एका धंद्याला एकच खुर्ची

बुधवारी सकाळी सव्वाआठला श्रेया भापकरचा फोन वाजला, तेव्हा बारामतीतल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये चाळीस व्यावसायिक तिला ग्रुपमधून काढण्यासाठी हात वर करून बसले होते.

फोन सारजाचा होता. लोणी भापकरला श्रेयाच्या नर्सरीत ती कामाला होती.

"ताई, दोन नंबरच्या शेडातली पपई सगळी जळाली."

दुपारी उपनिरीक्षक मनिषा शिंगाडे त्या शेडमध्ये उभी होती. बारा हजार रोपं माना टाकून तपकिरी पडली होती. शेजारच्या एक नंबरच्या शेडमध्ये मिरची हिरवीगार होती. दोन्ही शेडच्या टाक्या वेगळ्या. दोन नंबरच्या टाकीला तणनाशकाचा उग्र वास येत होता.

"पाणी कुणी सोडलं?"

"मीच. काल सकाळी नवाला," सारजा म्हणाली. "दुपारनं सुट्टी घेतली. आज आठला कुलूप काढलं तर हे असं."

"हिनंच टाकलं असणार," श्रेया फटकन बोलली. "गेल्या आठवड्यात मी हिला झापलं होतं."

सारजा तिच्याकडं वळली. "तुमच्या हातची भाकरी खाते ताई. इख न्हाय कालवत."

मनिषानं श्रेयाला बाजूला घेतलं.

"आज हात कशासाठी वर होते?"

श्रेयानं सांगितलं. दर बुधवारी सातला जमायचं, एकमेकांना गिऱ्हाईक मिळवून द्यायचं, हा ग्रुपचा शिरस्ता. एका धंद्याचा एकच सभासद. रोपवाटिकेची खुर्ची श्रेयाची होती आणि इंदापूरच्या ऋषिराज घोगरे या रोपवाटिकावाल्याचा त्या खुर्चीवर डोळा होता. वर्षात दोन लेखी तक्रारी आल्या, की खुर्ची रिकामी. एक आधीची होती. दुसरी आज सव्वासातला अध्यक्षांनी वाचून दाखवली.

"अध्यक्ष कोण?"

"अजित देवकाते. ठिबक सिंचनाचं दुकान आहे त्यांचं. पपईची ही ऑर्डर त्यांनीच आणून दिली होती, इंदापूरच्या सावळाराम मारकडांची. आणि तक्रारही त्याच सावळारामांची."

तक्रारीचा कागद मनिषानं मागवून घेतला. 'दोन नंबर शेडमधील माझी सर्व रोपे जळालेली आहेत.' खाली अंगठा.

"सावळारामांनी रोपं कधी पाहिली?"

"गेल्या गुरुवारी. तेव्हा ती एक नंबरमध्ये होती. मिरचीला जागा हवी म्हणून रविवारी मी आणि सारजानं ती इकडं हलवली."

"नंतर कोण आलं?"

"सोमवारी ऋषिराज. फाटकातूनच शिव्या देऊन गेला. संध्याकाळी अजितदादा, ह्या टाकीचा व्हॉल्व्ह गळत होता म्हणून."

मनिषा इंदापूरला गेली. ऋषिराजनं तिला बसाही म्हटलं नाही.

"खुर्ची हवी होती?"

"व्हय. अजून हाय."

"त्यासाठी रोपं जाळली?"

"त्या बाईचं तोंड बघवत न्हाय मला. पर रोपावर हात न्हाय उचलणार. आमचं पोट हाय त्यावर."

"मग सोमवारी तिथं कशाला गेला होता?"

"बुधवारी तुझी खुर्ची जाती, हे तिला तोंडावर सांगायला."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

ऋषिराजनं टेबलावरच्या कागदावर हात ठेवला. तो त्याच्या पाच एकरांच्या ठिबकचा नकाशा होता, अजितच्या दुकानाचा शिक्का असलेला. मनिषानं तो मागून घेतला. तिथून ती सावळारामांच्या वस्तीवर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सगळ्या ग्रुपला आणि सावळारामांना त्याच हॉलमध्ये बोलावलं. अजित पहिल्या रांगेत होता.

"श्रेयाबाईंनी निष्काळजीपणा केला, त्यात पोलिसांचं काय काम?" त्यानं विचारलं.

"शेड आठला उघडली," मनिषा म्हणाली. "रोपं जळाल्याची तक्रार तुम्ही सव्वासातला वाचली. तेव्हा कुलपाआडची ती गोष्ट फक्त जाळणाऱ्याला ठाऊक होती."

"कागद सावळारामांचा आहे."

"त्यांनी रोपं एक नंबरमध्ये पाहिली होती. दोन नंबर त्यांना कुठून कळलं? ऋषिराज फाटकाच्या आत आला नाही. सारजाला माहीत होतं, पण ग्रुपच्या तक्रारीसाठी इंदापूरच्या गिऱ्हाइकाचा अंगठा ती कुठून आणणार? सोमवारी तुम्ही टाकीपाशी होता. तात्या, अंगठा कधी दिला?"

मागून सावळाराम उठले. "रविवारी. अजितरावांनी कोरा कागद आणला. अनुदानाचा अर्ज भरतो म्हणाले. तक्रार न्हाय केली म्या. रोपं अजून ताब्यात तरी कुठं घेतलीत?"

अजितचा आवाज चढला. "ऑर्डर मीच दिली तिला. माझंच काम मी कशाला बिघडवीन?"

"बिघडवायचं म्हणूनच दिलीत. तक्रार करायला गिऱ्हाईक लागतं, ते तुमच्या हातातलं हवं होतं. खुर्ची ऋषिराजला, त्याच्या पाच एकरांचं ठिबक तुम्हाला. नकाशा माझ्याकडं आहे. काल त्यालाही तुमचं नाव सांगावं लागलं."

अजितनं श्रेयाकडं बघितलं. "दोन वर्षं त्या खुर्चीत बसून मला एक काम दिलं नाहीस तू," तो दात खाऊन म्हणाला. हवालदारानं त्याचा दंड धरला.

कुणीतरी श्रेयासाठी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. ती उठून बाहेर पडली.

तासाभरानं टाकीचा पंचनामा पुरा करायला मनिषा लोणी भापकरला पोचली. सारजा मेलेल्या रोपांचे ट्रे उचलून बाहेर टाकत होती. श्रेया तिच्यासमोर उभी राहिली.

"सारजा, मी चुकले."

सारजानं हातातला ट्रे रिकामा केला.

"महिना भरू द्या," ती म्हणाली. "मग दुसरी बाई बघा."