चौकातून न जाणारी बस

"हो गं आई, खाऊनच निघालेय. बसमध्ये आहे, ठेव आता," असं म्हणत ऋताने फोन पर्समध्ये टाकला आणि मांडीवर नकाशा पसरला. सिंगापुरात बुकित बातोकच्या घराहून वन-नॉर्थच्या ऑफिसकडे जाणाऱ्या दुमजली बसची वरची, अगदी पुढची जागा म्हणजे तिचं हक्काचं सिंहासन. समोरच्या काचेवर पाऊस नुसता ओतत होता, झाडांच्या ओल्या फांद्या काचेला हात लावून मागे जात होत्या. आणि ही मात्र दातांत पेन्सिल धरून हजारो मैलांवरच्या एका गावात हरवली होती.

"त्या वळणावर पाव फार छान मिळतो."

ऋता दचकली. मराठीत? आणि सकाळी सकाळी पाव? तिने मागे वळून पाहिलं. मागच्या सीटवर एक उंच, उन्हाने रापलेला तरुण बसला होता. छत्री नसावी, केसांतून पाणी टपकत होतं. डोळ्यांत मात्र हसू.

"दुसऱ्याच्या नकाशात डोकावू नये माणसाने," ती म्हणाली.

"डोकावलो नाही हो. ओळखीचं गाव दिसलं, म्हणून मान आपोआप पुढे आली. रिव्हबेल ना हे?"

आता मात्र ऋताची पेन्सिलच खाली पडली. फ्रान्सच्या किनाऱ्यावर, एका मोठ्या बंदराच्या कुशीत वसलेलं ते लहानसं उपनगर. तिथल्या बसचं जाळं नव्याने आखायचं काम तिच्या कंपनीकडे आलं होतं, आणि गेलं वर्षभर ऋता त्या गावात मनाने राहत होती. कुठल्या कॉलनीत किती म्हातारी माणसं, कॉलेज किती वाजता सुटतं, टेकडीच्या चढावर बस कुठे धापा टाकते, सगळं तोंडपाठ. पण तिने ते गाव पाहिलं होतं फक्त ऑफिसच्या पडद्यावर. आणि हा ओलाचिंब माणूस म्हणतो, तिथे पाव छान मिळतो!

"तुम्ही... गेलाय तिथे?"

"चालत! मी यशोधन. जहाजावर इंजिनियर आहे. त्या बंदरात आमचं जहाज लागलं होतं तेव्हा गोदीच्या फाटकापासून गावापर्यंत पायपीट केली, भर पावसात. तेवढ्यात एक रिकामी बस आली, आमच्याकडे बघितलं-न बघितल्यासारखं केलं आणि वळून गेली. तेव्हापासून मी तो रस्ता आखणाऱ्याला शोधतोय."

"तो रस्ता मी नाही आखलेला!" ऋता चक्क भांडायलाच उठली. "तो जुना आहे. मी तर तोच बदलतेय."

"मग माफ केलं," तो गंभीरपणे म्हणाला, आणि दोघंही एकदमच हसली.

बोलता बोलता कळलं, हा नंदाताईंचा धाकटा भाऊ. नंदाताई म्हणजे बुकित बातोकच्या कॉन्डो सोसायटीत महिन्यातून एकदा कीर्तन करणाऱ्या. त्यांचा गळा असा, की पुंडलिक वरदाचा गजर झाला की ऑफिसमधून दमून आलेली माणसंही ताठ बसत. ऋता त्यांचं एकही कीर्तन चुकवत नसे. परक्या देशात महिनाभर मनावर जे काही साचतं, ते त्या दोन तासांत धुऊन निघतं, असा तिचा अनुभव. देवाने भेट घडवायची ठरवली की तो कुणाला कुठल्या सीटवर बसवेल, सांगता येत नाही... दुसरं काय!

त्या महिन्याच्या कीर्तनाला पेटीवर यशोधन होता. नेहमीचे पेटीवाले भारतात गेले होते, आणि जहाजावरच्या रिकाम्या संध्याकाळी हा बरीच पेटी शिकला होता. पुढचं जहाज मिळेपर्यंत तो बहिणीकडेच राहणार होता. मग काय, सकाळची बस त्याचीही झाली. त्याला वन-नॉर्थला काहीच काम नसे. ऋताने विचारलं तर म्हणे, "बसचा अभ्यास करतोय."

"कर ना. मग सांग, या जुन्या जाळ्यात काय चुकलंय?" एकदा तिने नकाशा त्याच्यापुढे धरला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नव्हतं.

"सगळ्या बस चौकात येतात."

"शाब्बास! आधी एकच बस होती, चौकातून जहाजाच्या कारखान्याकडे. मग टेकडीवर वस्ती झाली, तिची बस चौकात आणली. मग हॉस्पिटल, मग कॉलेज. जो महापौर आला, त्याने आपलं एकेक वळण घालून ठेवलं. आता टेकडीवरच्या आजीला पलीकडचं हॉस्पिटल खिडकीतून दिसतं, पण जायचं तर आधी खाली चौकात, मग दुसरी बस. माझी नवी बस गोदीच्या फाटकापासून टेकडीवरून थेट हॉस्पिटलला जाते. चौक नाहीच!"

"आणि पावाचं दुकान?"

"बस पावासाठी वळत नसते, यशोधन."

"काय कठोर बाई आहे!" त्याने छातीवर हात ठेवला. "निदान दुकानाच्या जवळून तरी?"

 ऑफिसात गेल्यावर मात्र तिने हळूच मोजून पाहिलं. स्टॉप कोपऱ्याच्या अलीकडे घेतला तर वेळ तेवढाच लागत होता, आणि रस्ता ओलांडायलाही तिथे सोपं होतं. तिने स्टॉप अलीकडे घेतला. आणि मग स्वतःशीच इतकी लाजली, की शेजारच्या टेबलावरची सहकारी विचारू लागली, "तुला ताप आलाय का?"

ताप नव्हता, पण दुखणं होतं. रिव्हबेलच्या नगरपरिषदेने आराखडा मंजूर केला, की कंपनी ऋताला तिकडे पाठवणार होती. नवी बस धावायला लागून तिचा जम बसेपर्यंत, म्हणजे वर्ष-दोन वर्षं. याच एका गोष्टीसाठी तिने वर्षभर जीव ओतला होता. आणि आता रोज देवापुढे हात जोडले की तिचे शब्दच अडखळत. बस मंजूर होऊ दे म्हणावं, तर सिंगापूर सुटतं. सिंगापूर सुटू नये म्हणावं, तर टेकडीवरची आजी चौकातच राहते. दोन्ही कसं मागायचं? शेवटी ती नुसतीच हात जोडून उभी राही.

यशोधनला हे सांगावं, तर कशाच्या जोरावर? इथल्या प्रत्येक मराठी माणसाचं जगणं एका पासाला, म्हणजे कामाच्या सरकारी परवान्याला बांधलेलं. नोकरी आहे तोवर पास, पास आहे तोवर फ्लॅट. त्याची कंपनी सिंगापूरची, बहीण सिंगापूरची. त्याला काय म्हणायचं, ये माझ्याबरोबर? आणि तोही काही बोलत नव्हता. जहाजाचा विषय निघाला की खिडकीबाहेर पाहू लागे. एकदाच म्हणाला होता, "आमच्यासाठी स्थळं येतात ती सहा महिने समुद्रावर म्हटलं की परत जातात. आता मी विषयच काढत नाही कुणापाशी." ते "कुणापाशी" म्हणताना त्याने तिच्याकडे पाहिलं... आणि लगेच नजर वळवली. दोघं शेजारी शेजारी बसून आपापल्या खिडकीशी बोलत राहिली.

आणि तो शनिवार आला. सोमवारी यशोधन जहाजावर रुजू होणार होता. रिव्हबेलची सभा तिकडच्या सकाळी, म्हणजे इकडे संध्याकाळच्या कीर्तनाच्या वेळीच. आपला साहेब, धवल, सभेत ऑनलाइन बसलाय आणि निकाल कळवणार आहे, एवढंच ऋताला माहीत होतं. तिने फोनचा आवाज बंद केला, तो ओढणीखाली धरला आणि कॉन्डोच्या हॉलमध्ये बायकांच्या पहिल्या रांगेत जाऊन बसली.

नंदाताई नऊवारी नेसून उभ्या राहिल्या. नमन झालं, अभंग लावला, निरूपण रंगू लागलं. देवापर्यंत मनातली गोष्ट कशी न्यावी, हा त्या दिवशीचा विषय. बोलता बोलता ताई थांबल्या, चिपळ्या एका हातात घेतल्या आणि म्हणाल्या, "दृष्टांत देते, ऐका. एक गाव होतं. त्या गावात सगळे रस्ते चौकात. शेजारच्या घरी वाटीभर साखर द्यायची असली तरी आधी चौकात जायचं, तिथून वळून यायचं. तोवर साखर पावसात विरघळून जायची! तर अशा गावात दोन शहाणी माणसं. घरं एकमेकांना चिकटून. एकाच्या मनात गोष्ट, तीच दुसऱ्याच्याही मनात. पण सरळ हाक मारतील तर शपथ! हा चौकात जाऊन विचार करतो, लोक काय म्हणतील. ती चौकात जाऊन विचार करते, पुढे कसं होईल. अगं, मध्ये एक भिंत आहे फक्त, तिच्यावर टकटक कर ना!"

हॉलमध्ये हशा पिकला. ऋताचे कान मात्र गरम झाले. आणि त्याच क्षणी पेटीचा एक सूर भलताच लागला, चांगला कचकन.

नंदाताईंनी मान वळवून पाहिलं. "बघा, पेटीवाल्या बुवांच्या बरोबर वर्मी लागलं!" आणि लगेच, काही घडलंच नाही अशा आवाजात, "तर देव असा आहे मंडळी, भिंतीपलीकडे, अगदी जवळ..." म्हणून अभंगाचं धृपद उचललं.

पूर्वरंग संपला. मधल्या वेळात ताईंना हार घातला, आणि साथीदारांना बुक्का लावायचं ताट नेमकं ऋताच्या हातात आलं. आलं कसलं, ताईंनीच डोळ्यांनी खुणावलं होतं. तबलजींना लावून ती पेटीपाशी वाकली. यशोधनच्या कपाळाला तिने बोटाने बुक्का लावला.

"सूर चुकला," ती पुटपुटली.

"ताईने चुकवला," तो खालच्या मानेने म्हणाला. "ऋता, मला काही..."

ओढणीखाली फोन थरारला. ताट एका हातात सांभाळत तिने पाहिलं. धवलचा मेसेज होता: "मंजूर! सगळ्यांनी हात वर केले. बॅग भर!"

"काय झालं?" यशोधनने विचारलं. तिचा चेहराच तसा झाला होता, हसरा आणि रडवेला एकाच वेळी.

"कीर्तन झाल्यावर," ती म्हणाली. उत्तररंग सुरू होत होता, आणि अर्ध्या कीर्तनातून उठायचं नसतं हे ती लहानपणापासून शिकलेली. पुढचा एक तास तिने ताईंच्या कथेतल्या भक्ताबरोबर खुशाल रडून घेतलं. कुणाला वेगळं वाटलं नाही. कीर्तनात डोळे भरतातच. आणि रडता रडता तिला एक गोष्ट लख्ख कळली: आपण इतके दिवस देवाकडे काय मागावं याच विचारात अडकलो, आणि ज्याला विचारायचं त्याला विचारलंच नाही.

आरती झाली, प्रसाद वाटला, मंडळी चपला शोधत लिफ्टकडे गेली. हॉलमधली मोठी सतरंजी घडी करायची राहिली होती. ऋताने एक टोक उचललं. दुसरं टोक यशोधनने उचललं. दोघांच्या मध्ये लांबच लांब निळी सतरंजी.

"आराखडा मंजूर झाला," ती तिकडूनच म्हणाली. "मी फ्रान्सला चाललेय. वर्षभर... कदाचित दोन वर्षं."

"अरे वा! अभिनंदन!"

"एवढंच?"

"रिव्हबेललाच ना?"

"हो. आणि यशोधन, मला सांगायचंय... मला तुला सोडून जायचं नाहीये. आता सरळच सांगते. पण तुझी कंपनी इथली, तुझा पास..."

"कसला पास?"

"म्हणजे इथे राहायचा..."

यशोधन तिच्याकडे बघतच राहिला. आणि मग एवढ्या जोरात हसला, की हॉलमागच्या स्वयंपाकघरातून ताईंनी "काय रे?" म्हणून विचारलं.

"ऋता, अगं, मी जहाजावर नोकरी करतो! जहाजाला पत्ता असतो का? मी राहतो कुठे, याच्याशी कंपनीला देणंघेणं नाही. ते फक्त विचारतात, घर कुठे, तिकीट कुठून काढू. मी इतकी वर्षं ताईचं घर सांगतोय, कारण सांगायला दुसरं घरच नव्हतं."

सतरंजीचं टोक ऋताच्या हातून सुटता सुटता राहिलं. इतके दिवस... इतके दिवस ती ज्या गाठीशी झगडत होती, ती गाठ नव्हतीच मुळी!

"मग तू बोलला का नाहीस?"

"मी काय बोलू? मिनिटा-मिनिटाचा हिशेब ठेवणारी मुलगी तू. आणि मी अर्धं वर्ष गायब असणारा माणूस. वाटलं, ही म्हणणार, बस येते तसा रोज वेळेवर घरी येणारा नवरा हवा."

"नवरा?" ऋताने भुवया उंचावल्या.

"हां... म्हणजे..." रापलेल्या चेहऱ्यावर लाली दिसते का? दिसते. "फ्रान्समध्ये राहायचं तर मला बायकोच्या व्हिसाच्याच जोरावर राहता येईल ना. आणि आई-बाबांना, तुझ्या आईला, सगळ्यांना रीतसर विचारू. पण आधी तुला विचारतो. पुढच्या खेपेला कंपनीला घर कुठलं सांगू?"

ऋताला हसूही येत होतं आणि डोळेही वाहत होते. छातीवरचा दगड कुणी अलगद उचलून बाजूला ठेवावा, तसं काहीसं झालं होतं.

"अर्धं वर्ष नसतोस, म्हणजे अर्धं वर्ष असतोस ना?" ती म्हणाली. "आणि असतोस तेव्हा ऑफिस नाही, काही नाही. दिवसभर घरी! बाकीच्यांचे नवरे रोज येतात खरे, पण तोंडं लॅपटॉपमध्ये. मला चालेल."

"नुसतं चालेल?"

"आवडेल. खूप... आवडेल."

"अरे, सतरंजी धरून किती वेळ उभं राहणार?" नंदाताई दारात, पदराला हात पुसत. चेहरा साळसूद, पण डोळे भरलेले. "हॉल सातला रिकामा करून द्यायचाय. घाला ना घडी!"

सतरंजीची घडी एकट्याने होत नाही. दोघांनी टोकं जुळवली, ताणली आणि एकमेकांकडे चालत आली. त्याच्या हातातली टोकं तिने घेतली. तो खाली वाकून नवी घडी उचलून पुन्हा मागे गेला, पुन्हा पुढे आला. दर खेपेला मधली सतरंजी निम्मी होत होती. शेवटच्या घडीला काही अंतर उरलंच नाही. तिच्या हातांवर त्याचे हात होते, त्याच्या कपाळावर तिने लावलेला बुक्का, आणि घडी झालेली सतरंजी खाली ठेवायची दोघांपैकी कुणालाच घाई नव्हती.