पंपामागचं पिंप

स्टूल भिंतीवर आपटून मोडलं तेव्हा टिटवी आणि तिचा धाकटा भाऊ चष्मिस टेबलाखाली दडले होते. सुट्टीत मामाकडे पोहायला शिकायचं म्हणून आले होते. आणि ज्यानं कधी मांजराला हाकललं नाही, तोच मामा पट्ट्यानं स्वतःच्या दंडावर सपासप मारत होता.

"माश्या! काढा रे या माश्या!"

माशी एकही नव्हती. मामी आडवी आली आणि पट्ट्याचं बक्कल तिच्या कपाळात बसलं. रक्त पाहताच मामा मटकन खाली बसला. शेजाऱ्यांनी मामा-मामींना दवाखान्यात नेलं. जो तो म्हणाला, "प्यायला असणार."

"मामा पीत नाही," टिटवी म्हणाली. "पेट्रोल पंपामागच्या शेडमध्ये पेट्रोलात काहीतरी मिसळायचं काम लागल्यापासून झोप नाही त्याला. हात थरथरतात."

"मग शेडच बघू," चष्मिस म्हणाला.

दुपारी पंपाचा मॅनेजर जेवायला गेल्यावर दोघं आत शिरले. गोडसर वासानं डोकं गरगरलं. कोपऱ्यात पिंप होतं. लेबल खरवडलेलं, पण कवटीचं चित्र शाबूत. चष्मिसनं फोटो काढला, तेवढ्यात त्याची कॉलर कुणीतरी पकडली.

"कार्ट्या, कुणी पाठवलं तुला?" मॅनेजरनं त्याला भिंतीवर आदळलं. ओठ फुटला, चष्मा बुटाखाली गेला. मॅनेजरनं गज उगारला.

टिटवी दाराकडे धावली. तिथं गाड्यांत घालायच्या पाण्याची बादली होती. बादली उचलून ती वळली.

"पिंपातलं आहे. ओतू अंगावर?"

मॅनेजरच्या हातातला गज गळून पडला. "नको, पोरी! शिसं आहे त्यात. कातडीतून आत जातं, माणूस वेडा होतो."

"मग मामाला उघड्या हातांनी का मिसळायला लावलंत?"

"स्वस्त पेट्रोलचा जोर वाढतो त्यानं. मला काय ठाऊक, एवढं होईल..."

आरडाओरडा ऐकून पंपावरची माणसं दारात जमली होती. त्यांनी सगळं ऐकलं. टँकरच्या ड्रायव्हरनं मॅनेजरच्या कानशिलात अशी लगावली, की तो पिंपाशेजारी कोसळला. पोलीस येईपर्यंत त्याला कुणी उठू दिलं नाही.

दवाखान्यात मामाचे हात पलंगाला बांधलेले होते. फोटो पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे कळलं नसतं तर आम्ही भलतेच उपचार करत बसलो असतो. त्या शेडमधले आणखी तिघंही तपासून घ्यायला आलेत. पोरांनो, चार घरं वाचवलीत तुम्ही."

मामीच्या कपाळाला सात टाके होते. तिनं दोघांना जवळ ओढलं. "मला वाटलं, माझा माणूसच बदलला," ती म्हणाली. "तुम्हाला मात्र तसं वाटलं नाही."