मॅडमनी मागे ठेवलेलं घर

जेद्दाच्या अझीझिया भागातला तो बंगला रिकामा झाला, तेव्हा डागडुजीसाठी कफीलनं, म्हणजे कामगारांना व्हिसावर आणणाऱ्या सौदी मालकानं, गफूर आणि विजयकुमार या दोघांना पाठवलं. पेट्रोलच्या पैशानं जेद्दा फुगत चाललं होतं. एक भाडेकरू गेला की दुसरा दारात उभाच. गफूर राजापूरकडचा, सुतारकामात मुरलेला. विजयकुमार साताऱ्याकडचा रंगारी. चैत्रात त्याची बायको शेवंता बाळंतपणात गेली, पोटातल्या जिवासकट. पासपोर्ट कफीलच्या कपाटात. तिचं शेवटचं तोंडही त्याला पाहता आलं नाही. तेव्हापासून त्यानं बोलणंच टाकलं होतं.

बंगल्यात आधी रुमानियाचा एक इंजिनिअर बायकोबरोबर राहायचा. जाताना त्यांनी पडद्यांच्या दांड्यासुद्धा काढून नेल्या होत्या. दिवाणखान्यात एक चित्र तेवढं राहिलं होतं. ते गफूरनंच टांगलेलं. तेव्हा इंजिनिअरच्या बायको, मॅडम, मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या होत्या, "माझ्या वडिलांनी काढलंय, महायुद्धाच्या आधी, आमच्या गावात." खिळा मात्र त्यांनी मुद्दाम उंच ठोकायला लावला. "दाराला हात पोचायला नको." गफूरला वाटलं, आपल्यालाच इंग्रजी नीट कळलं नाही.

चित्रात गरिबाचं घर होतं. चुना मारलेल्या मातीच्या भिंती, खाली निळा पट्टा, वर गवताचं छप्पर. एक काळोखी खिडकी. एक मिटलेलं दार.

"आमच्या घरागत हाय," विजयकुमार म्हणाला. किती दिवसांनी तो आपणहून बोलला होता! भिंत रंगवायची म्हणून त्यानं चित्र उतरवलं आणि जमिनीवर टेकवून ठेवलं.

दुपारी वाळूचं वादळ उठलं. काचा तांबड्या झाल्या, वीज गेली, एसी बंद पडला. त्या कोंदट खोलीत गफूरला वास आला... ओल्या मातीचा, चुलीतल्या धुराचा.

"गफूरभाई... खिडकीत शेवंता हाय."

गफूरनं पाहिलं. खिडकीत नुसता काळोख.

"डोळ्यांत वाळू गेलीय तुझ्या. चल, जेवून घेऊ."

दुसऱ्या दिवशी गफूर वरच्या मजल्यावर कपाटं बसवत होता. खाली आला तर विजयकुमार नाही. ब्रशवरून रंग ठिबकत होता. बाहेरच्या दाराला कुलूप, आणि किल्ली गफूरच्याच खिशात. हाका मारून तो दमला. मग वळून बघतो, तर विजयकुमार पाठीशी उभा, शांत, हसऱ्या चेहऱ्याचा. त्याच्या चपलांना काळा चिकट चिखल लागलेला. जेद्दात कित्येक महिन्यांत पावसाचा थेंब पडला नव्हता.

"कुठं होतास रे?"

"घरी," तो हळूच म्हणाला. "पाठ फिरवूनच उभी असती. अजून तोंड नाय दाखवलं... उद्या दाखवील."

गफूरची नजर चित्रातल्या मिटलेल्या दाराकडे गेली.

सकाळी त्यानं विजयकुमारला टर्पेंटाइनच्या डब्यासाठी आवारातल्या पत्र्याच्या शेडकडे पिटाळलं. त्याचं पाऊल बाहेर पडताच गफूरनं कोपऱ्यात जाऊन पांढरा रंग कालवला आणि कुराणातली आयत पुटपुटत चित्रातल्या दारावर ब्रश फिरवला. दार पार बुजवून टाकलं. मग घाम पुसत तो वाट पाहत बसला.

विजयकुमार येईना. गफूर उठला. टर्पेंटाइनचा डबा आत, उंबऱ्यापाशीच ठेवलेला होता. विजयकुमार केव्हाच परतला होता. चित्रासमोर, रंगाच्या डब्यांआड, त्याच्या चपला होत्या, नीट जोडीनं काढलेल्या. आपण पाठमोरे रंग कालवत होतो, त्या एवढ्याशा वेळात...

कॅनव्हास आतून थरथरला.

"गफूरभाई..." आवाज लांबून, भिंतीपलीकडून यावा तसा. "दार कुठं गेलं? गफूरभाई, तिनं तोंड हिकडं फिरवलंय... ही शेवंता नाय..."

गफूरनं टर्पेंटाइनमध्ये फडकं बुडवलं आणि वेड्यासारखा रंग पुसू लागला. पांढरा रंग निघाला. त्याच्याबरोबर दारही निघालं. खाली उरलं कोरं कापड. गफूरनं त्यावर तळहात आपटले, नावानं हाका मारल्या. आतून पुन्हा आवाज आला नाही.

पोलिसांनी ठरवलं, कामगार कफीलकडून पळाला. खलास. गफूरनं कुणाला काही सांगितलं नाही. कोण विश्वास ठेवणार? पण ते चित्र त्याच्यानं टाकवेना. आत माणूस असलेलं घर कचऱ्यात कसं टाकायचं? त्यानं ते कामगारांच्या कॅम्पातल्या आपल्या खोलीत नेलं आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलं. रोज नमाजानंतर तो विजयकुमारसाठी दुवा मागायचा.

हिवाळ्यात एका सकाळी त्याला राहवलं नाही. त्यानं चित्र उलटलं.

छप्पर पांढरं झालं होतं. अंगणही पांढरं. गफूरनं बर्फ कधी पाहिलेलं नव्हतं, तरी त्याला कळलं. बर्फात पावलं उमटली होती. दार नसलेल्या भिंतीपासून निघून सरळ चौकटीच्या खालच्या कडेपर्यंत आलेली. अनवाणी, लहान, बाईमाणसाची.

परत गेलेलं एकही पाऊल नव्हतं.