जिन्याच्या भुताबाबत खुलासा

विषय : चौकातले दुमजली घर पाडण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : मालकाचा अर्ज व सोबत जोडलेला इतिहासतज्ज्ञांचा अहवाल.

उपरोक्त विषयास अनुसरून सांगण्यात येते की, त्या घरात एक भूत आहे.

हसू नका रे. हे पदरचं नाही, अहवालातलंच वाक्य आहे : "आतील भिंतीवर जिन्याचे भूत स्पष्ट दिसते." हा कागद जुन्या इमारती जपणाऱ्या वारसा समितीच्या कार्यालयात आला, तेव्हा बड्या कारकुनाने समासात लिहिलं, "सदर भूत मूळ बांधकामाचे की नंतरची भर? खुलासा व्हावा." सरकारी खुर्चीत जन्म काढलेला माणूस भुताला भीत नाही. त्याला फक्त भुताचा कालखंड लागतो.

जुन्या इमारती तपासणाऱ्यांच्या धंद्यात भूत कशाला म्हणतात ते आधी ऐका. भिंतीजवळचं कपाट हलवलं की मागे त्याच्या आकाराचा डाग राहतो ना? तसा जिना काढला की भिंतीवर त्याचा माग राहतो. पायऱ्यांचे दाते, हात घासून तेलकट झालेला पट्टा. वस्तू गेली, आकार राहिला. त्याला ते लोक भूत म्हणतात. इतकं ते सरळ आहे. निदान त्या रात्रीपर्यंत होतं.

अहवाल लिहिणाऱ्या बाई चांगल्या ओळखीतल्या. जुन्या इमारतींचा इतिहास शोधणं हे त्यांचं काम; एका सल्लागार कंपनीत होत्या. कुणाला जुनं घर पाडायचं असलं, की या जाऊन बघणार, कुठली भिंत मूळची, कुठली मागाहून घातलेली. बाईंना इमारतींबद्दल खोटं लिहिता येत नसे. माणसांशीही खोटं बोलता येत नसे, म्हणून बढती राहिली.

त्या उन्हाळ्यात त्यांचे यजमान गेले. डॉक्टरांनी आत बोलावून सांगितलं, तेव्हा बाईंच्या ध्यानात काय राहिलं असेल? त्या खोलीचं खोटं छत एका कोपऱ्यात उतरलंय, एवढंच. पुढेही सगळं तसंच. जेवण म्हणजे ताट, झोप म्हणजे गादी. लोक म्हणायचे, बाई खंबीर आहेत. खंबीर कसल्या, बधिर होत्या. दाढ काढल्यावर गाल होतो तशा. आपलाच असतो, पण चावला तरी कळत नाही.

घराची भानगड अशी. मालक धाकटा भाऊ. त्याला घर पाडून तिथे मोठी इमारत उठवायची होती. आत राहायच्या त्याच्या थोरल्या बहीण, आक्का. जन्म त्याच घरात गेलेला. दोन्ही गुडघे गेलेले, तोंड तेवढं शाबूत. समितीचा नियम असा, की घराच्या आतल्या मूळ मांडणीचा माग टिकून आहे असं सिद्ध झालं तर घर पाडता येत नाही. म्हणजे जिना मूळचा ठरला तर आक्का घरात. नाही ठरला तर भावाने बघून ठेवलेल्या वृद्धाश्रमात.

"तिथे लिफ्ट आहे म्हणे," आक्का बाईंना म्हणाल्या. "मला वर पाठवायची सगळ्यांनाच घाई झालीय."

भाऊ म्हणायचा, "अहो मॅडम, जिना कसला डोंबलाचा? माळ्यावर चढायला कुणीतरी शिडी टेकवली असेल, तिचे ओरखडे ते."

कंपनीचे साहेब फोनवर म्हणाले, "शिडी लिहा आणि मोकळ्या व्हा. क्लायंट आपला आहे, भिंत आपली नाही."

खुलाशाची मुदत बुधवारी संपत होती. म्हणून गेल्या नोव्हेंबरातल्या दुसऱ्या मंगळवारी, रात्री पावणेअकराला, बाई त्या घरी गेल्या. रात्रीच का? तर असे माग दिवसाउजेडी नीट दिसत नाहीत. अंधार करायचा, बॅटरी भिंतीला लगटून ठेवायची आणि उजेड तिरका सोडायचा. मग केसाएवढ्या उंचवट्याचीसुद्धा लांब सावली पडते.

आक्कांनी दार उघडलं. "या. तुमच्या भुताला काय विचारायचं ते विचारा, मला मात्र उठवू नका. जाताना दार ओढून घ्या." आपल्या खोलीत गेल्या, कडी लावली. जरा वेळाने घोरणं सुरू झालं.

बाईंनी दिवे घालवले, बॅटरी जमिनीवर ठेवली, झोत भिंतीवरून वर सोडला. भिंतीवर दाते उठले. एकावर एक, थेट छतापर्यंत. शिडीला असे दाते नसतात. जिनाच होता.

पण खालचा भाग कोरा. ओलीमुळे तिथलं प्लास्टर कधीतरी नव्याने केलेलं. सगळ्यात खालचा दाता कमरेइतका उंच, त्याखाली काही नाही. भुताचे पाय उलटे असतात म्हणतात. या भुताला पायच नव्हते. जिना जमिनीला कुठे टेकत होता हे दाखवता आलं नाही, तर समिती म्हणणार, पुरावा अपुरा. आणि आक्कांचं सामान लिफ्टमध्ये.

बाई भिंतीसमोर उभ्या राहून पाहत होत्या. तेव्हा सगळ्यात वरचा दाता दिसेनासा झाला.

मग तो परत दिसला. आणि त्याच्या खालचा गेला.

कशाची तरी सावली होती. बॅटरी आणि भिंत यांच्या मध्ये काहीतरी होतं.

करकर आवाज आला. वाळलेलं लाकूड वजनाखाली करकरतं तसा. त्या भिंतीला लाकूड नव्हतं.

आणखी एक दाता. परत दिसला. त्याखालचा गेला...

काय रे, बाई घाबरल्या नाहीत का, म्हणतोस? भीती वाटायला आधी काहीतरी वाटावं लागतं. बाईंनी घड्याळ पाहिलं. सवयीने.

करकर. थांबणं. करकर.

शेवटचा दाता गेला. तो परत दिसला नाही.

उतरणारं जे काही होतं, ते तिथेच उभं होतं. कमरेच्या उंचीवर. खाली पायरी नव्हती.

आक्कांचं घोरणं थांबलं होतं...



मग बाई बोलल्या. अगदी हळू. "जपून हं. खाली पायरी नाहीये."

आणि हात पुढे केला.

...

हातावर भार आला. एक बोट. मग दुसरं. मग सगळा पंजा. गार नाही, गरम नाही. खोलीइतकाच.

खाली, दगडावर अनवाणी पाऊल पडावं तसा आवाज झाला. एकच.

भार गेला.

भिंतीवर सगळे दाते जागच्या जागी होते. आत आक्का पुन्हा घोरू लागल्या. बाई हात तसाच पुढे धरून उभ्या होत्या, खांदा भरून येईपर्यंत.

मग निघायचं म्हणून बॅटरी उचलायला वाकल्या. झोत आडवा जमिनीवरून फिरला, आणि भिंतीच्या पायाशी एक सावली पडली. गोल. खोल. एका फरशीला खळगा पडला होता. जुन्या दगडी पायरीला पडतो तसा, मध्ये झिजलेला, कडेला निमुळता, बोट फिरवलं तर लोण्यासारखा गुळगुळीत. पिढ्यान् पिढ्या एकाच जागी पाय टेकत आल्याशिवाय अशी झीज होत नाही. बाईंनी आयुष्यभर दुसरं काय पाहिलं होतं?

फक्त ती फरशी भावाने आदल्याच वर्षी बसवलेली होती. शेजारच्या फरशांवर कारखान्याची चकाकी तशीच होती.

बाईंनी पाहिलं तेच खुलाशात लिहिलं : "जिना मूळ बांधकामाचा आहे. तो टेकण्याची जागा सापडली. फरशी नवी आहे, झीज जुनी आहे. कारण सांगता येत नाही." साहेबांनी शेवटची दोन वाक्यं गाळायला सांगितली. बाईंनी गाळली नाहीत. आता त्या दुसऱ्या कंपनीत आहेत.

भाऊ म्हणाला, बाईंनीच फरशी घासली. समितीने दगड घडवणारा पाथरवट नेला. त्याने खळग्यात अंगठा फिरवला आणि म्हणाला, "हे हत्याराचं काम नाही साहेब. पायाचं आहे." कुणाच्या पायाचं, ते त्याला विचारलं गेलं नाही, तो रकाना नमुन्यात नव्हता.

एकदा बाईंना विचारलं, त्या रात्री नेमकं काय वाटलं? म्हणाल्या, "वजन."

एवढंच.

सद्यःस्थिती अशी, की सदर झीज ग्राह्य धरावी तर फरशी नवी, फेटाळावी तर झीज समोर. समितीने पुढचा खुलासा मागवला आहे. कुणाकडून, ते पत्रात नमूद नाही. निर्णय होईपर्यंत घराला हात लावता येत नाही. आक्का तिथेच राहतात. अर्ज प्रलंबित आहे.