पुढच्या खोलीतल्या सुया

शिंप्यानं घर सोडताना मागे एकही सुई राहू द्यायची नाही, ही जमुनाबाईंच्या सासूची शिकवण. सासू कधीच गेली, शिवणारे यजमान निवृत्तीराव गेल्या वर्षी गेले, शिकवण मात्र मानगुटीवर बसून राहिली. सरस्वतीपुरमचं भाड्याचं घर एकतीस वर्षांनी रिकामं करायचं होतं आणि पहाटेपासून झाडूनपुसून बाईंच्या कमरेचा काटा ढिला झाला होता. जळमटं काढली, मोरी घासली, चुलीमागचा तेलाचा चिकटा खरवडला. राहिली ती पुढची खोली, निवृत्तीरावांची शिवणाची.

"लहान मूल येतंय इथं," घरमालकीण इंदिराबाई दारातून बजावून गेल्या होत्या. "रांगतंय. दिसेल ते तोंडात घालतंय. सुई राहू नये हं, जमुनाबाई."

म्हणून जमुनाबाई दोरीला बांधलेलं लोहचुंबक लाल सिमेंटच्या जमिनीवरून ओढत होत्या. पहिल्या फेरीत नऊ सुया निघाल्या, सगळ्या गंजक्या. दुसऱ्या फेरीत चार निघाल्या, त्या मात्र चकचकीत. आपलीच नजर अधू, मघाशी सुटल्या असतील, असं म्हणत त्यांनी त्या डबीत टाकल्या.

तिसऱ्या फेरीत एकच आली. तिच्यात पोपटी दोरा ओवलेला होता.

मशीन, कपाट, रिळांचे डबे, सगळं कालच बोगादीच्या नव्या फ्लॅटवर गेलं होतं. बाईंनी दोऱ्याचं टोक चिमटीत धरलं. ते ओलं होतं. निवृत्तीराव दोरा ओठांत ओला करूनच ओवायचे, आणि त्यावरून त्या त्यांना किती वेळा रागावल्या होत्या.

आपल्याच ओल्या हाताचं पाणी असेल. त्यांनी पुन्हा झाडलं, पुन्हा पुसलं, हात पदराला कोरडे केले आणि चुंबक फिरवलं.

पुन्हा सुई. पुन्हा ओला दोरा.

"अम्मा, बेग आवर, लवकर!" मुलगा मंजुनाथ बाहेरून स्कूटरचा हॉर्न वाजवत ओरडला. "आयतु का, झालं का नाही अजून? किती पुसशील दुसऱ्याचं घर?"

"मूल रांगणार आहे रे इथं," त्या म्हणाल्या. आवाज रडवेला झाला होता.

खरं तर भीती वाटायला हवी होती. वाटला तो नुसता शीण. जन्मभर या माणसाचा पसारा आवरला, आता मेल्यावरही तेच? त्या भिंतीला टेकून मटकन बसल्या आणि रिकाम्या खोलीला म्हणाल्या, "साकु हो, पुरे आता. परक्याचं लेकरू येतंय. नका राहू मागे. चला आमच्याबरोबर."

चुंबक फिरवलं. काही आलं नाही.

आणखी दोनदा फिरवलं. जमीन लख्ख होती.

किल्ली इंदिराबाईंच्या हातात देऊन त्या स्कूटरवर मागे बसल्या, तेव्हा कित्येक दिवसांनी त्यांना मोकळं वाटलं.

बोगादीला सून दारातच हसत उभी होती. "लवकर या! बघा तरी, आज पहिल्यांदा एकटी उभी राहिलीय."

अकरा महिन्यांची नात हॉलच्या मधोमध कशाचाही आधार न घेता उभी होती. हनुवटी वर, दोन्ही हात बाजूंना सरळ पसरलेले, माप द्यायला उभं राहावं तशी स्तब्ध.

"असं कोणी शिकवलं हिला?" सून कौतुकानं म्हणाली.

जमुनाबाई उंबऱ्यातच थांबल्या.

मग कुणी हलकेच खांदे धरून वळवावं तशी नात पाठमोरी झाली, आणि तिनं पुन्हा हात पसरले.