उजव्या बाजूची धूळ

आईच्या उजव्या हातातली ताकद गेली तेव्हा तिचं गणिताचं पुस्तक अर्धं झालं होतं. लाटेकमध्ये, म्हणजे गणित छापायच्या संगणकप्रणालीत, समीकरणं लिहायची म्हणजे तिरप्या रेघा आणि महिरपी कंसांची नुसती गर्दी. डॉक्टर म्हणाले, आता लेखन विसरा. आईने एडिटरमध्ये कीबोर्डची बटणंच नव्याने जुळवून घेतली. स्पेसबार दाबून ठेवला की उजवीकडची अक्षरं डाव्या बोटांखाली यायची. दोन बटणांत सिद्धतेची अख्खी चौकट उघडायची.

"उजवा बिनपगारी रजेवर गेलाय," ती म्हणायची. "पुस्तक काय, डाव्या हातचा मळ!"

कॉलेजात शिकवताना मी हे मुलांना दरवर्षी सांगते. माझी आई, म्हणून सांगते.

ती गेली तेव्हा एकच सिद्धता उरली होती. प्रकाशक म्हणाले, ते प्रमेय गाळू या. मी ठाम नकार दिला आणि तिच्या टेबलाशी बसले. तिच्याच बटणांनी, डाव्या हाताने. कीबोर्डच्या उजव्या अर्ध्यावर धूळ साचली होती. ती पुसायचं माझ्या जिवावर आलं.

पहिल्या दुपारी चौकट उघडून एक ओळ लिहिली, अडले, पाणी प्यायला उठले. परतले तर खाली दुसरी ओळ होती. बरोबर होती. वाटलं, आईने त्या बटणांना जुना मजकूर जोडला असेल. सेटिंग उघडून पाहिलं. तिथे नुसती रिकामी चौकट होती.

मग मी अडले की उठायची आणि परतले की ओळ वाढलेली असायची. 'म्हणून'च्या आधी एक ओळ मोकळी, आईच्या सवयीने. घाबरायला हवं होतं. पण ती सिद्धता इतकी देखणी होत होती की माझी मान ताठच होत गेली.

शेवटची पायरी मला सुचली. डावा हात चालत होता, उजव्यात आईचा चष्मा होता.

"अगं हळू, बटणं तोडशील!" मावशी शेजारच्या खोलीतून ओरडली.

"हळूच चाललंय, मावशी. एका हाताने."

"मला शिकवू नकोस. ताई आजारपणाआधी अशीच बडवायची, दोन्ही हातांनी."

मी थांबले.

बटणांचा आवाजही थांबला. क्षणभर उशिरा.

सिद्धता पूर्ण झाली होती.

मी खाली पाहिलं. उजवीकडच्या बटणांवरची धूळ पुसली गेली होती. प्रत्येकावर, बोटाच्या टोकाएवढी.