दुसऱ्या कुणाच्या तोंडची प्लेट

त्या दुपारी ठमीची आई विद्यापीठातल्या आपल्या विभागात गेली ती एक राहिलेलं मोजमाप उरकायच्या निमित्तानं. परीक्षा संपल्या होत्या, जिन्यावर चिटपाखरू नव्हतं. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात ठमी. ठमीला चौथं लागलं होतं आणि अजून तिच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता.

कान चांगले होते, घसा चांगला होता. डॉक्टर म्हणायचे, थांबा, बोलेल. थांबून थांबून ठमीच्या आईच्या नाकी नऊ आले होते. त्यात तिचा स्वतःचा अभ्यास कसला, तर उच्चारांचा! माणूस बोलतो तेव्हा त्याची जीभ तोंडात नेमकी कुठे कुठे लागते, हे यंत्रावर मोजायचं. नातेवाइकांच्या हाती आयतंच कोलीत मिळालं होतं. जगाच्या जिभा मोजते आणि घरची पोर मुकी, असं एक चुलतसासू चारचौघांत बोलून गेली, त्या दिवसापासून ठमीच्या आईनं चारचौघांत जाणंच सोडलं.

यंत्र तळघरातल्या खोलीत होतं. खोलीला खिडकी नाही, भिंतींना जाड स्पंज. दार लावलं की बाहेरचा आवाज मेल्यासारखा थांबायचा आणि आपलाच श्वास कानात मोठा व्हायचा. जुन्या स्पंजाला एक आंबूस, दमट वास येई. यंत्राचा मुख्य भाग म्हणजे प्लेट. कवळीसारखी पातळ, टाळूला चिकटून बसणारी, आणि तिच्यावर ओळीने बसवलेल्या धातूच्या बारीक टिकल्या. जीभ ज्या टिकलीला लागेल तो ठिपका पडद्यावर उजळतो. बोलणाऱ्यानं हातात एक पितळी दांडी धरायची असते. दांडी सोडली की सगळे ठिपके विझतात. आणि प्लेट ज्याच्या त्याच्या तोंडाचा साचा घेऊनच बनवतात. एकाची दुसऱ्याला बसत नाही.

दोन आठवड्यांपूर्वी घरी कुणी नव्हतं म्हणून तिनं ठमीला इथे आणलं होतं. आईच्या बोलण्याबरोबर ठिपके उजळताना पाहून ठमीनं, आयुष्यात पहिल्यांदा, तोंडातल्या तोंडात जीभ हलवली होती. बस, तेवढंच. पण त्या तेवढ्यावर ठमीची आई दोन आठवडे जगली होती. आणि नेमक्या त्याच दोन आठवड्यांत तिच्या प्लेटच्या तारा तीनदा तुटल्या. दातांचे डॉक्टर नवी द्यायला महिना म्हणाले. यंत्र दुसऱ्या संस्थेचं, कित्येक वर्षं इथे उसनं पडलेलं, ते उद्या सकाळी परत जाणार. तिचं सरांच्या हातापाया पडून झालं. सर तिचे मार्गदर्शक, माणूस वाईट नव्हता, पण त्यांनी सांगून टाकलं की यंत्र कुणाच्या मुलीसाठी थांबत नसतं.

तरी ती आली होती. चिकटपट्टीनं जोडलेल्या तारा लावल्या, प्लेट तोंडात बसवली, दांडी धरली. पडदा काळा तो काळाच. तिनं प्लेट काढली, पुसली, पुन्हा लावली. काही नाही. चौथ्या वेळी तिनं ती टेबलावर आपटली आणि एक तुकडा उडून ठमीच्या पायाशी पडला. ठमीनं तो उचलून तिच्या हातात दिला. त्यावर मात्र तिला रडू फुटलं.

रडून झाल्यावर माणसाला काहीही सुचतं. कपाटाच्या खालच्या खणात जुन्या, टाकून दिलेल्या प्लेटा पडलेल्या असत. त्यातली एक तिनं उचलली. बसणार नाही, टोचेल, गळून पडेल, हे तिला पक्कं माहीत होतं. पण राग इतका होता की निदान ते तरी करून बघावं असं तिला वाटलं. प्लेट जंतुनाशकात बुचकळली, धुतली आणि तोंडात घातली.

टच् असा आवाज झाला आणि प्लेट बसली. कुठे टोचली नाही की हलली नाही. तिच्या स्वतःच्या प्लेटपेक्षाही घट्ट बसली.

खरं तर तिथेच घाबरायला हवं होतं. तिला हायसं वाटलं. तिनं दांडी धरली, ठमीला पडद्यासमोर खुर्चीवर बसवलं, दिवा मालवला आणि म्हणाली, "बघ हं... आईची जीभ बघ. ता... ता... ता..."

ठिपके उजळले. ठमी पुढे सरकली.

ठमीची आई श्वास घ्यायला थांबली. ठिपके थांबले नाहीत.

लाळ, तिच्या मनात पहिला विचार आला. लाळ साचली की टिकल्या आपसांत जोडल्या जातात, नवख्या विद्यार्थ्यांची इथेच फसगत होते. तिनं लाळ गिळली. जीभ खाली, अगदी तळाशी धरली आणि तोंड उघडं ठेवलं. ठिपके चालूच. वैतागून तिनं पितळी दांडी टेबलावर ठेवून दिली. आता तरी सगळं विझायला हवं होतं.

काहीच विझलं नाही.

बिघाडाचे ठिपके कसेही फडफडतात. हे तसे नव्हते. आधी जिभेचं टोक दातांमागे, मग दोन्ही कडा, मग मागचा भाग. मग थांबणं. पुन्हा तोच तुकडा, पुन्हा थांबणं. कुणीतरी बोलत होतं, आवाजाशिवाय, तिच्या तोंडात. आणि ती थांबण्याची तऱ्हा ठमीच्या आईच्या फार ओळखीची होती. लहान मुलाला बोलायला शिकवताना आपण एक शब्द म्हणतो आणि त्याची वाट बघत थांबतो, तशी.

तिचा हात प्लेटकडे गेला. अंगठ्याचं नख कडेखाली घातलंही होतं.

तेवढ्यात ठमीच्या घशातून आवाज आला. अगदी लहान, कोरडा. पडद्याच्या उजेडात तिचे ओठ हलत होते. एक थांबणं झालं की ठमी आवाज काढायची, मग ठिपके पुढे जायचे, मग पुन्हा ठमी. दोघींचं छान जमलं होतं.

प्लेट ओढून काढली असती तर हे थांबलं असतं. ठमीच्या आईला ते स्वच्छ कळत होतं. तिनं नख काढून घेतलं, हात मांडीवर ठेवले आणि तोंड उघडं ठेवून अंधारात बसून राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते भीतीचं होतं की आनंदाचं, हे तिला तेव्हाही सांगता आलं नसतं.

बऱ्याच वेळानं ठिपके आपोआप विझले. ठमी खुर्चीवरून उतरली, दाराकडे गेली आणि स्पष्ट, मोठ्या माणसासारखं म्हणाली, "आता घरी जाऊ या."

घरी नुसता आनंदीआनंद झाला. ठमी पाणी मागत होती, गोष्ट सांग म्हणत होती, चुलतसासूला फोनवर तुमची तब्येत कशी आहे असं विचारत होती. सासूबाईंचे पाय जमिनीवर नव्हते. चार दिवसांनी त्यांनी ठमीला मांडीवर घेतलं आणि सुनेकडे बोट दाखवून विचारलं, "ही कोण गं?"

"त्या खोलीतल्या बाई," ठमी म्हणाली. "आई कधी येणार?"

सासूबाई पोट धरून हसल्या. ठमीची आई उठून आत गेली. मागून आलेल्या सासूबाईंनी तिचा चेहरा पाहिला आणि त्यांचं डोकंच फिरलं. पोरगी बोलत नाही म्हणून रडत होतीस, आता बोलते म्हणून रडतेस, तुला हवंय तरी काय, असं त्या म्हणाल्या. काय सांगणार होती, कुणाला?

तिनं सरांना फोन करून त्या जुन्या प्लेटबद्दल विचारलं. सरांना आठवायला वेळ लागला. मग त्यांनी सांगितलं, की खूप वर्षांपूर्वी एक संशोधक बाई होती. तिची लहान मुलगी गेली आणि त्या दिवसापासून ती कुणाशी बोललीच नाही. पण रोज तळघरात यायची, प्लेट लावायची, ओठ मिटून ठिपके बघत बसायची. पुढे तीही गेली.

"तुम्ही का विचारताय?" सर म्हणाले. तिनं फोन ठेवून दिला.

त्या दुपारी सासूबाई झोपल्यावर तिनं ठमीला खिडकीपाशी उजेडात बसवलं. समजावलं, लाडीगोडी लावली, शेवटी हात जोडले. "एकदाच म्हण राणी... मला आई म्हण..."

ठमीनं तिच्याकडे दयेनं पाहिलं. मग डॉक्टरांपुढे करतात तसा मोठ्ठा आ केला आणि मान मागे टाकली.

ठमीच्या आईनं बोट आत घातलं. वर लागली ती मऊ, ओली टाळू, आणि त्या टाळूत ओळीने रुतलेल्या बारीक, गार टिकल्या. प्लेट नव्हतीच. ती तर त्याच दिवशी कपाटाच्या खणात परत गेली होती.

"दुखतं का गं...?" तिनं कसंबसं विचारलं.

ठमीनं मान हलवून नाही म्हटलं. तिची इवलीशी जीभ खाली स्वस्थ पडलेली उजेडात स्पष्ट दिसत होती.

आणि तिच्या बोटाला जीभ लागली. आधी टोक, मग कडा. मग ती थांबली, वाट बघत. पुन्हा टोक, पुन्हा कडा. हे वाचण्यात ठमीच्या आईची सगळी उमेदीची वर्षं गेली होती. या वेळी बोलणं ठमीशी नव्हतं, तिच्याशी होतं.

बोट काढून घ्यायला हवं होतं. पण वाक्य अजून संपलं नव्हतं.